पोरांसोबत नाताळची तयारी: पिठाचे तारे, कामट्यांचा कंदील, गोठ्यातलं गवत आणि कुलकुल

आमच्या स्वयंपाकघरात एक कंगवा आहे, त्याला लाल दोरा बांधलाय आणि वर्षातले अकरा महिने तो मसाल्याच्या डब्यामागे पडलेला असतो. तो केसांचा नाही, कुलकुलांचा, म्हणजे शिंपल्याच्या आकाराच्या त्या गोड तळलेल्या खाऊचा. वसईत आमच्यासारख्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत असा एखादा कंगवा सापडेल. डिसेंबर लागला की पोरं आधी तो शोधतात आणि मग मला विचारतात, आई कधी करायचं?

हा लेख त्या "कधी आणि कसं" साठी आहे. नाताळ साजरा करणारी घरं आहेतच, पण सुट्टीत पोरांना काहीतरी हाताने करायला द्यायचंय अशा कुणालाही यातलं निम्मं तरी सहज जमेल. सामान सगळं वाण्याकडे, स्टेशनरीच्या दुकानात आणि झाडाखाली मिळणारं.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण मला ते उशिरा कळलं. माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिने पिठाचे तारे केले होते, वाकडेतिकडे, एकाला तर सहा टोकं. ती झोपल्यावर मी ते ओले असतानाच थोडे नीट केले, कडा गुळगुळीत केल्या, म्हटलं चांगले दिसतील. सकाळी ती प्रत्येक तारा उचलून बघत होती आणि शेवटी म्हणाली, "माझा कुठेय?" त्या दिवसापासून मी पोरांच्या कामाला हात लावत नाही. वाकडा असेल तर वाकडाच लटकणार, आणि तोही दर्शनी बाजूला, झाडाच्या मागे लपवून नाही. जे काम मोठ्यांचंच आहे, म्हणजे तेल, पाक, वीज, कोयता, ते पूर्ण आपण करायचं, आणि जे त्यांचं ते पूर्ण त्यांचं.

आधी तारखा ठरवा

सगळं २३ तारखेला करायला गेलात तर पोरंही रडतात आणि आपणही चिडतो. आगमनकाळाचा (नाताळआधीच्या तयारीच्या चार रविवारांचा काळ) पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कधीतरी येतो, आम्ही तिथून सुरू करतो. पहिल्या आठवड्यात पिठाचे दागिने, कारण ते सुकायला वेळ लागतो. दुसऱ्या शनिवार-रविवारी कंदील. १५ तारखेला गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, गहू पेरायचे, ही तारीख मात्र चुकवू नका, गवत काही आपल्यासाठी घाई करत नाही. १८ ते २० कुलकुल, कारण ती टिकतात. खोबऱ्याच्या वड्या आणि मार्झिपान (काजूची मिठाई) २२-२३ ला, कारण ते टिकत नाही.

पिठाचे तारे

दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ, पाऊण कप पाणी. जाडं मीठ घेऊ नका, खरखरीत होतं आणि सुकल्यावर वर पांढरे दाणे दिसतात. मैदा आणि मीठ आधी कोरडं मिसळायचं, मग पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं आणि चांगली दहा मिनिटं मळायचं, हे काम सात-आठ वर्षांच्या पोराला द्या, त्याला ताकद काढायला काहीतरी लागतंच. हाताला जखम असेल तर मात्र नको, मीठ झोंबतं.

पाव इंच जाडीची पोळी लाटायची. पातळ केलीत तर सुकताना कडा वर उचलल्या जातात, जाड केलीत तर आतून ओली राहते. साचे नसतील तर बाटलीची झाकणं, वाटी, स्टीलचा पेला काहीही चालतं. आमच्याकडे सगळ्यात सुंदर निघतो तो आजीच्या क्रोशाच्या रुमालाचा ठसा. पोळी लाटून झाली की त्यावर रुमाल पसरायचा, लाटणं एकदाच पण दाबून फिरवायचं आणि हळूच सोलून काढायचा, विणीचा एकेक टाका पिठावर उमटतो. मग त्यातून गोल कापायचा. रुमाल लगेच पाण्यात टाका, पीठ वाळलं की निघता निघत नाही. पिंपळाचं पान शिरांच्या बाजूने दाबलं तरी छान ठसा येतो, आणि अगदी लहान बाळ घरात असेल तर त्याच्या तळव्याचा घ्या, खाली वर्ष लिहा.

भोक आत्ताच पाडायचं! स्ट्रॉने, वरच्या कडेपासून बोटभर आत. हे विसरलात तर नंतर काही करता येत नाही, सुकलेला तारा टोचायला गेलं की फुटतो.

सुकवायला ओव्हन असेल तर १०० ते ११० डिग्रीवर दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटायचे. जास्त तापमानावर घाई केली की फुगतात आणि तपकिरी पडतात. ओव्हन नसेल तर डिसेंबरचं ऊन पुरतं, तीन ते चार दिवस, फक्त संध्याकाळी घरात घ्या, कारण रात्री दव पडतं आणि मीठ ते सगळं ओढून घेतं. बोटाने टकटक केल्यावर कोरडा कडक आवाज आला की झालं.

रंग पोस्टर कलर किंवा अॅक्रिलिक, मग दोन्ही बाजूंनी वॉर्निशचा हात, तो आपण द्यायचा आणि खिडकी उघडी ठेवून. ज्यांचं घर समुद्राजवळ आहे त्यांनी वॉर्निश अजिबात टाळू नये, नाहीतर पावसाळ्यात तारे मऊ पडून बुरशी येते. आणि घरात कुत्रा असेल तर हे दागिने त्याच्या तोंडाला येणार नाहीत इतके उंच लावा, यात मिठाचं प्रमाण इतकं असतं की कुत्र्याने एक-दोन खाल्ले तरी त्याला विषबाधा होऊ शकते. लहान पोरांनाही आधीच सांगा की हे पीठ खायचं नाही, एकदा जिभेला लागलं की ती परत जात नाहीत तो भाग वेगळा.

झाड आणि झाडावरचं

आमच्याकडे किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, भुईगावकडे किंवा सुरुची बागेत सकाळी गेलात तर खाली त्याची छोटी गोल खरखरीत बोंडं पडलेली असतात. ती म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी पाइनची फळंच वाटतात. पोरांना पिशवी देऊन सोडा, तासभर आवाज नाही. घरी आणून उन्हात दोन दिवस ठेवा म्हणजे किडेमुंग्या जातील, मग फेव्हिकॉल लावून दोऱ्याला चिकटवा, टोकांना थोडा पांढरा रंग. फांदी तोडू नका, वाऱ्याने पडलेली मिळतेच, ती रेतीने भरलेल्या कुंडीत रोवली की झालं झाड. मिठाच्या पिठाचे तारे जड असतात म्हणून ते खोडाजवळ, आणि बोंडं, कागद वगैरे हलकं ते टोकांना.

संत्र्याच्या चकत्या पण करून बघा. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, चकती कापली की साल एकीकडे आणि गर दुसरीकडे, म्हणून यासाठी मोसंबी किंवा किन्नू घ्या. पाव इंचाच्या चकत्या, कपड्याने टिपून, ओव्हनमध्ये १०० डिग्रीवर तीन-चार तास. उजेडासमोर धरल्या की रंगीत काचेसारख्या दिसतात.

जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्यांची साखळी सगळ्यांना येते, ती तीन-चार वर्षांच्या पोरांना द्या. आम्ही एक कडी म्हणजे एक दिवस असं धरतो आणि रोज एक फाडतो, "किती दिवस राहिले" हा प्रश्न मग मला विचारला जात नाही.

कामट्यांचा तारा

दिवाळीला घरी आकाशकंदील केला असेल तर निम्मं काम येतंच तुम्हाला. हे दहा-बारा वर्षांच्या पोरांचं काम आहे, लहानांना कागद चिकटवायला बसवा.

बांबूच्या १० कामट्या, प्रत्येकी २४ इंच, अर्धा इंच रुंद, आणि ५ छोट्या कामट्या ५ इंचांच्या. कामट्या तासून घ्या आणि पॉलिश पेपर मारा, बांबूची सल बोटात गेली की फार दुखते. प्रत्येक लांब कामटीवर दोन्ही टोकांपासून ९ इंचांवर पेनाने खूण करायची. पोरं कागदावर पेन्सिल न उचलता पाच टोकांचा तारा काढतात ना, तस्साच जमिनीवर पाच कामट्यांनी मांडायचा, एक वरून एक खालून अशा. बरोबर मांडला असेल तर कामट्या एकमेकींना त्या खुणांच्या आसपासच छेदतात, म्हणजे तारा सगळीकडून सारखा. टोकं दोऱ्याने घट्ट बांधा. असे दोन तारे करा.

आता एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधायची, मधली छेदनं मोकळी. मग दोन्ही तारे मधून फाकवून आतल्या पाच छेदनांपाशी एकेक छोटी कामटी उभी अडकवून बांधायची. हा क्षण पोरांना दाखवण्यासारखा असतो, तोपर्यंत सपाट असलेली वस्तू एकदम पोट फुगवून उभी राहते, आणि कामट्या ताणल्यामुळे सांगाडा आपोआप घट्ट होतो. पाचवी कामटी बसवताना जोर लागतो, तिथे आपण धरायचं.

चिकटवायला खळ करा, एक कप पाण्यात दोन चमचे मैदा कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची, ते विषारी आहे, पोरं बोटं तोंडात घालतात म्हणून बिलकुल घालू नका. पतंगाचा कागद सांगाड्यावर पसरून बाहेरून बोटभर जास्त ठेवून कापायचा आणि तो बोटभर भाग कामटीवर दुमडून चिकटवायचा. बाजूच्या दहा निमुळत्या त्रिकोणांसाठी एकाचा माप-कागद करून घ्या आणि बाकी त्यावरून कापा. एक त्रिकोण उघडा ठेवा, बल्ब आत घालायला. बल्ब एलईडी, ५ वॅटपर्यंत, तो फारसा गरम होत नाही. जुने पिवळे बल्ब कागदाच्या कंदिलात नको, आणि पणती मेणबत्ती तर अजिबात नको. वायर आणि होल्डर मोठ्या माणसाने जोडायचं.

गोठा आणि त्यातलं गवत

येशूच्या जन्माचा देखावा मांडायची पद्धत संत फ्रान्सिस असिसीकर यांच्यापासून सांगतात, १२२३ साली त्यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरं गाढव उभं करून गव्हाणी मांडली होती. पोरांना हे सांगितलं की गोठ्यात काय काय ठेवायचं ते पोरं स्वतःच ठरवतात. आमच्याकडे विहीर असते, केळीची बाग असते (वसईत राहून केळी नाहीत असं कसं चालेल), एका वर्षी लाल डब्याची एसटीपण होती आणि ती कुणी काढली नाही.

हिरवळीसाठी विकतचं प्लास्टिक नको. १३ ला रात्री मूठभर गहू भिजत घाला, सकाळी फडक्यात बांधा, मोड दिसले की नारळाच्या करवंट्यांत दोन बोटं माती घालून त्यावर दाटीवाटीने पसरा, वर मातीचा नुसता पातळ थर. पहिले दोन दिवस अंधाऱ्या जागी, मग खिडकीत. पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही, करवंटीला खाली भोक नसतं आणि पाणी साचलं की बुरशी धरते. २४ पर्यंत चार-पाच इंचाचं लुसलुशीत गवत होतं. नाचणी पेरलीत तर अजून बारीक आणि मऊ येतं पण उंची कमी. रोज पाणी शिंपडायचं काम एकाच पोराकडे द्या, दोघांकडे दिलं की दोनदा पाणी तरी पडतं नाहीतर एकदाही नाही.

बाळ येशू गव्हाणीत २४ च्या मध्यरात्रीच्या मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आल्यावर, तोपर्यंत गव्हाणी रिकामी. आणि बाळ येशूला भेटायला येणारे तीन राजे आम्ही सुरुवातीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावर ठेवतो, पोरं रोज त्यांना वीतभर पुढे सरकवतात, ६ जानेवारीला ते गोठ्याशी पोचतात.

कुलकुल

आता मुख्य. अर्धा किलो मैदा, त्यात चार चमचे बारीक रवा, ७५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, तीन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन. मोहन आपण घालायचं, गार झालं की पोरांना चोळायला द्यायचं, मुठीत दाबल्यावर मुटका व्हायला हवा. मग नारळाचं घट्ट दूध साधारण एक कप, एकदम ओतू नका, मैद्यामैद्यात फरक असतो. काहीजण अंडं घालतात, छान खुसखुशीत होतात, पण आमचं ताट सगळ्या शेजाऱ्यांकडे जातं आणि काही घरांत अंडं चालत नाही म्हणून आम्ही बिनअंड्याचेच करतो. पीठ घट्टसर मळून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा.

बोराएवढ्या गोळ्या करायच्या. कंगवा नवा, गरम पाण्याने धुतलेला, दातांना तुपाचं बोट लावलेलं. गोळी कंगव्याच्या वरच्या टोकाला ठेवायची, अंगठ्याने दाबून चपटी करायची आणि तोच दाब ठेवून अंगठा खाली ओढायचा. पीठ दातांवरून घसरताना स्वतःभोवती गुंडाळत येतं आणि खाली पडतं ते एक छोटा शिंपला होऊन, पाठीवर बारीक बारीक रेघा. लहान पोरांचा अंगठा मऊ असतो त्यामुळे त्यांचे शिंपले आपल्यापेक्षा चांगले वळतात, हे मी अगदी मनापासून सांगते. शेवटची कड बोटाने हलकी दाबून बंद करा, नाहीतर तेलात उलगडतं. कंगवा नको वाटला तर काट्याची पाठ वापरा.

अर्ध्या किलोचे बरेच होतात, तीन पोरं बसली तरी तास-दीड तास जातो, म्हणून वळलेले फडक्याखाली झाकत जा, कोरडे पडले की तळताना तडकतात. मधेच पोरं कंटाळली तर उठू द्या. अर्ध्या तासाने परत येतात.

तळणं पूर्ण आपलं. पोरं ओट्यापासून लांब, कढईचं हँडल आतल्या बाजूला. तेल मध्यम तापलेलं, एक कुलकुल टाकून बघा, ते सावकाश वर आलं पाहिजे. लगेच वर येऊन लाल झालं तर तेल जास्त तापलंय, आणि पिठात साखर असल्यामुळे बाहेरून लाल आतून कच्चं राहतं, मग दोन दिवसांत मऊ पडतं. कढईत गर्दी नको. सोनेरी रंगाच्या किंचित आधीच काढा, बाहेर आल्यावर रंग अजून चढतो.

साखरेचा लेप हवा तर एक कप साखर अर्धा कप पाणी, दोन तारी पाक, गॅस बंद करून गार झालेले कुलकुल टाकायचे आणि साखर पांढरी होऊन चिकटेपर्यंत हलवत राहायचं. गरम पाक कातडीला चिकटून वाईट भाजतो, इथेही पोरं लांबच. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे मस्त राहतात.

खोबऱ्याचे तारे आणि मार्झिपान

दोन कप ओलं खोबरं, फक्त पांढरं, काळी पाठ येऊ देऊ नका. दीड कप साखर, अर्धा कप दूध. मध्यम आचेवर हलवत पंधरा-वीस मिनिटं, कडा सोडून गोळा व्हायला लागला की चमचाभर तूप आणि गुलाबी रंगासाठी चमचाभर बिटाचा रस. तूप लावलेल्या ताटात अर्धा इंच थापायचं. हाताला सोसवेल इतकं कोमट झालं की पोरांना ताऱ्याचे साचे द्या. पूर्ण गार झाल्यावर कापायला गेलात तर भुगा होतो. कापून उरलेले तुकडे कापणाऱ्याचे, असा आमचा नियम. बाहेर दोन-तीन दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर.

मार्झिपान आपल्याकडे काजूचं. २०० ग्रॅम काजू मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलंत तर तेल सुटतं आणि लोणी होतं. चाळून १५० ग्रॅम पिठीसाखर आणि चमचा-चमचा करत गुलाबपाणी, दोन-तीन चमचे पुरतं, मळून गोळा. काही रेसिपींत कच्च्या अंड्याचा पांढरा भाग असतो, पोरं खाणार असतील तर तो नको. रंगाचे तीन-चार गोळे करा आणि पोरांना फळं करायला सांगा. केशरी गोळी किसणीच्या बारीक बाजूवर हलकेच फिरवली की संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात, वर एक लवंग देठासारखी खोचायची. पेरू, आंबा, केळी, सगळं होतं. लवंग खाण्याआधी काढायची हे लहानांना बजावा. फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस राहतं.

केकचं इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. फक्त सुका मेवा रममध्ये न भिजवता संत्र्याच्या रसात फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस भिजवा म्हणजे पोरांनाही बिनधास्त देता येतो.

ताट

दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचा डबा येतो, तो आम्ही रिकामा परत करत नाही आणि नाताळला आमचं ताट त्यांच्याकडे जातं. ते पोरांनीच लावायचं आणि पोरांनीच पोचवायचं. प्रत्येक ताटात एक कागदाची चिठ्ठी, पोराच्या अक्षरात, कशात काजू आहे ते लिहिलेलं, काजू-बदाम न चालणारी माणसं असतात. ताटात एक पिठाचा ताराही ठेवायचा असेल तर तो वेगळ्या कागदात गुंडाळून, वर "खायचा नाही" असं ठळक लिहून.

आवरताना

६ जानेवारीला राजे पोचले की दुसऱ्या दिवशी आवरायचं. गव्हाचं गवत गाईला द्या किंवा कुंडीत पुरा. पिठाचे तारे वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकून, झाकण घट्ट. कंगवा धुऊन पूर्ण सुकवून परत मसाल्याच्या डब्यामागे. कामट्यांच्या ताऱ्याचा कागद ओल्या फडक्याने सोलून काढा आणि सांगाडा भिंतीला उंच अडकवून ठेवा, दोरे ढिले झाले तर परत आवळता येतात, आणि दिवाळीला तोच सांगाडा शेजारची पोरं कंदिलासाठी मागून नेतात, नवीन कागद लावतात आणि नोव्हेंबर संपता संपता परत आणून देतात.